धर्मशिक्षणाच्या वर्गात नव्याने शिकवणाऱ्या शिक्षिकेस

संतांची ओळख चमत्कारांपासून करून देऊ नये, असे मी अनुभवाने सांगते. वसईच्या मुलांना संत गोन्सालो गार्सिया शिकवताना, ते याच मातीत जन्मले, जपानमध्ये त्यांनी व्यापार केला आणि तिथली भाषा इतकी आत्मसात केली की पुढे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघात बंधू (धर्मगुरू नसलेले व्रतस्थ) झाल्यावर ते सोबतच्या धर्मगुरूंचे दुभाषी झाले, हे आधी सांगावे. चिकाटीने परकी भाषा शिकणे पाचवीतल्या मुलालाही आपल्या आवाक्यातले वाटते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर प्राण देणाऱ्या २६ जणांत त्यांच्यासोबत बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता. त्या यातनांचे वर्णन मात्र लहानग्यांसमोर टाळावे. पालकांनी ही कथा घरच्या रोझरीनंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, मुलांच्याच तोंडून ऐकावी.