सोयाबीनचा उतारा: दोष वाणाचा की वर्षाचा?

प्रश्न : गेल्या हंगामात ज्या वाणाने सर्वांत जास्त उतारा दिला, तेच यंदा मागे पडले. शेत तेच, पाऊसही साधारण तेवढाच. वाण बिघडले का?

उत्तर : सोयाबीन स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारे) पीक आहे, बियाणे शुद्ध असेल तर वाणाचे गुण एका वर्षात पालटत नाहीत. एकूण पाऊस सारखा असला तरी उघडीप कधी पडली ते पाहायला हवे. सोयाबीनची बरीच फुले एरवीही गळतात. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडून नंतर पाऊस आला, तर झाड पुन्हा शेंगा धरून पुष्कळशी भरपाई करते. दाणा भरताना ताण पडला तर ती संधी उरत नाही. समजा, पेरणीनंतर ६० व्या दिवशी उघडीप सुरू झाली. लवकर येणाऱ्या वाणाचा दाणा तेव्हा भरत असतो, उशिराचे वाण अजून फुलोऱ्यात असते. हीच उघडीप ८० व्या दिवशी पडली तर निकाल उलटतो.

याचा माग शेंगेतच सापडतो. मूठभर शेंगा सोला. तीन घरांपैकी एखादे रिकामे असेल तर ताण आधी पडला. तिन्ही दाणे आहेत पण बारीक, सुरकुतलेले, तर शेवटी पडला. ही नोंद वहीत ठेवा. नुसत्या क्विंटलच्या आकड्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : चाचणीच्या तक्त्यात पहिला आलेला वाणच निवडावा का?

उत्तर : एकाच ठिकाणच्या, एकाच वर्षाच्या तक्त्यावरून तर मुळीच नाही. कमी उताऱ्याच्या ठिकाणी तो वाण कितवा आला ते आधी बघा. पाण्याची हमी नसेल तर वाईट वर्षात कमी घसरणारा वाणच मी सुचवेन, मग चांगल्या वर्षात तो तिसरा-चौथा येईना का. आणि सगळे क्षेत्र एकाच वाणाखाली नको. कालावधीत १०-१५ दिवसांचा फरक असलेले दोन वाण घ्या.

प्रश्न : पेरणी तीन आठवडे लांबली, पण काढणी तेवढी लांबली नाही. असे का?

उत्तर : सोयाबीन रात्रीची लांबी ओळखते, रात्र पुरेशी लांब झाली की फुलते. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बिलॉक्सी हे वाण वेगवेगळ्या तारखांना पेरूनही जवळपास एकाच सुमारास फुलले होते. उशिरा पेरलेल्या झाडाला वाढायला वेळ कमी मिळतो, खोडावर पेरी कमी पडतात. म्हणून ओळींतले अंतर कमी करा, रोपसंख्या थोडी वाढवा.

प्रश्न : दोन वाणांची तुलना करताना काढणीच्या वेळी काय सांभाळावे?

उत्तर : गळ आणि ओलावा. काढणीआधी उभ्या पिकात १ चौरस मीटरची चौकट टाकून जमिनीवरचे दाणे मोजा, मग यंत्र गेल्यावर पुन्हा मोजा. १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर चौकटीत ८० दाणे म्हणजे हेक्टरी सुमारे १ क्विंटल गेले. पहिल्या मोजणीतले दाणे शेंगा तडकल्याने सांडलेले, त्यापुढचे यंत्रामुळे. वजन करताना दोन्ही वाण १३ टक्के ओलाव्यावर आणून तोला. १८ टक्के ओलाव्याचे १० क्विंटल १३ टक्क्यांवर ९.४ क्विंटलच भरतात.