वाचकांचे प्रश्न : सर्व्हर एक, शाळा 22

प्रश्न : सर नमस्कार. मी पुणे जिल्ह्यातल्या एका शिक्षण विभागात तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून काम बघते, वर्ग सांभाळून हेही. 22 शाळा आहेत, प्रत्येकीत दहा-बारा कॉम्प्युटर, कुठे विंडोज 7 कुठे 10, पासवर्ड वेगळे, फाइली वेगळ्या, माहिती मागवली की सगळे पेनड्राइव्ह घेऊन ऑफिसात हजर. आता साहेब म्हणतायत सगळं एका सर्व्हरवर आणा आणि ओपन सोर्स करा, म्हणजे कोड खुला असलेलं, बहुतेक मोफत मिळणारं सॉफ्टवेअर वापरा. व्हेंडर म्हणतो आधी सगळी मशीन बदला. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : मॅडम, मशीन बदलायची घाई बिलकुल करू नका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप वगैरे लागते म्हणून व्हेंडर तसं म्हणतोय, पण त्यातली बरीच मशीन रॅम वाढवून आणि साधी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमवर, अजून काही वर्षं व्यवस्थित चालतील.

सुरुवात मात्र लॅबपासून नाही, क्लार्कच्या टेबलापासून करा. तुमच्या शाळांमधली जुनी मराठी फाइल कशात टाइप केलीय ते आधी बघा, बहुतेक श्रीलिपी नाहीतर आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, त्या काळी तेच जास्त चालायचं आणि दोन्ही आपल्या पुण्यातच तयार झालेली. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात, मग सर्व्हर कितीही चांगला असो, विद्यार्थ्याचं नाव शोधलं तर सापडणारच नाही. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणणं हे पहिलं काम. कन्व्हर्टर मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार या दोन जागी ते चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफाराचं बरोबर उलटं. एका संस्थेत आम्ही घाई केली, तपासलं नाही, आणि एका मुलीच्या नावातला रफार उडाला तो दाखल्यावर तसाच छापला गेला, पुढे परीक्षेच्या फॉर्मवरही गेला. तिच्या आईनं दुरुस्तीसाठी किती खेपा घातल्या ते मी बघितलंय, अजून मनाला लागतं. तेव्हा कन्व्हर्ट झालेलं प्रत्येक नाव जनरल रजिस्टरशी डोळ्यांनी ताडून बघा, वेळ जाऊ दे. क्लार्कना रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्ड रचनेची, सवय असेल तर लिनक्सवरही तो कीबोर्ड लावता येतो, त्यांना इनस्क्रिप्ट या दुसऱ्या रचनेची सक्ती करू नका.

दुसरं, विंडोज लगेच काढू नका. फ्रान्सच्या जांदार्मरीनं, म्हणजे तिथल्या पोलिस दलानं, 2005 मध्ये आधी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं, मग ब्राउझर आणि मेल, आणि लोकांचा हात बसल्यावर 2008 पासून खालची सिस्टिम उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) केली. तुम्हीपण आत्ता आहे त्या विंडोजवरच लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स ब्राउझर टाका. शालार्थ, सरल, यूडायस प्लस ही शाळांची सरकारी पोर्टलं सगळी ब्राउझरमध्येच भरायचं असतं, त्यामुळे खाली लिनक्स आलं तरी क्लार्कला फारसा फरक जाणवत नाही. टॅली आणि डिजिटल सहीचा डोंगल यासाठी मात्र ऑफिसात एक-दोन विंडोज मशीन राहू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता सर्व्हर. इथे साहेबांशी जरा स्पष्ट बोला, सगळं एका जागी म्हणजे सगळंच नाही. एकत्र आणायचं ते लॉगिन, कॉमन फाइली, बॅकअप आणि मशीनची सेटिंग. लॉगिनसाठी सांबा हे मोफत सर्व्हर सॉफ्टवेअर आहे, 2012 मध्ये आलेल्या 4.0 पासून ते डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन एका जागी तपासणारा सर्व्हर, होतं आणि विंडोज-लिनक्स दोन्ही मशीन त्याला जोडता येतात, म्हणजे बदल अर्धवट असतानाही एकच पासवर्ड चालतो. सेटिंगसाठी अ‍ॅन्सिबल, हे मोफत साधन आहे, त्यात सेटिंग एका जागी लिहायचं आणि ते 22 शाळांत लागू होतं. पण मुलांची लॅब मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर अवलंबून ठेवू नका हो. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते हे पुण्याच्या आसपास कुणाला सांगायला नको, ऑफिसची लाइट गेली म्हणून 22 शाळांचा तास बुडायला नको. लॅबसाठी एलटीएसपी, म्हणजे एका सर्व्हरवरून बाकीची मशीन सुरू करणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर, वापरायचं असेल तर त्या शाळेतच एक बरं मशीन सर्व्हर म्हणून ठेवा, बाकीची त्याच्यावरून लॅनने (शाळेतल्या नेटवर्कने) सुरू होतात, सिस्टिम तिथून येते आणि काम ज्या-त्या मशीनवर चालतं. नेटवर्कचं वायरिंग आणि स्विच गिगाबिट वेगाचे हवेत, खर्च करायचाच तर तिथे करा.

आणि खर्च वाचेल या आशेवर बजेट शून्य करू देऊ नका. लायसनचे वाचलेले पैसे एका पूर्णवेळ टेक्निशियनवर आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगवर लावून घ्या, लेखी घ्या. तुम्ही वर्ग शिकवून 22 शाळा सांभाळताय हे बरोबर नाही, तुम्ही रजेवर गेलात तर पासवर्ड कोण बदलणार? आधी दोन शाळा घ्या, एक सत्र चालवा, बॅकअप परत उघडून बघा. मग पुढच्या.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, शाळेत लिनक्स आणतायत. नोकरीत तर एक्सेल मागतात, मग नुकसान नाही का? (एक पालक, कोथरूड)

उत्तर : नाही. बेरीज, फिल्टर, फॉर्म्युला कसा लावायचा हे कळलं की प्रोग्रॅम बदलला तरी हात अडत नाही, दोन-चार दिवसांत मेनू सापडतात. केरळनं 2001 मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल हा शाळांमधल्या कॉम्प्युटर शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, 2017 मध्ये त्याची काइट ही सरकारी कंपनी झाली, तिथल्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच शिकतात. घरच्या विंडोजवर लिब्रेऑफिस टाकून द्या, पैसे पडत नाहीत, शाळेतली फाइल घरी तशीच उघडेल.