कपाशीच्या मुलखातले लबक

प्रश्न : मुलगी शिक्षणासाठी टेक्सासातील लबक शहरी निघाली आहे. तिथले राहणे कसे असते?
– एक कापूस उत्पादक, घाटंजी तालुका

उत्तर : सुमारे अडीच लाख वस्तीच्या या शहराभोवती आपल्यासारखीच कपाशी आहे, मात्र तिथे वेचणीला बाया नसतात, यंत्राने काढलेल्या कापसाचे मोठाले गठ्ठे शेतातच ओळीने पडलेले दिसतात. (मजुरीचा हिशेब तुमच्या डोक्यात आलाच असेल.) १९२३ साली स्थापन झालेल्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या जवळच तिने खोली घ्यावी, कारण मोटारीवाचून तिथे किराणा आणणेही जड जाते. उन्हाळा आपल्याइतका जाचत नाही. पण हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो आणि वसंतात अशी धुळीची वादळे येतात, की खिडकी लावूनही टेबलावर तांबूस थर बसतो.