सोया खाल्लं तर मूल होईल ना?

प्रश्न : वय ३१. जिममुळे रोज सोयावडी खातो. आई म्हणते, यानं पुरुषत्व जातं. वर्षभर आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय.

आईंची भीती अगदीच हवेतली नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या एका जातीवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या चाऱ्यात इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखी वागणारी द्रव्यं होती. सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन्स त्यांचीच भावंडं. पण मेंढी दिवसभर तेच चरते, तुमच्या ताटात भाकरी-आमटीही असते.

माणसांचं म्हणाल तर २००८ साली बोस्टनच्या वंध्यत्व केंद्रातल्या ९९ पुरुषांचा अभ्यास गाजला. जास्त सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची दाटी कमी होती. बातम्या तिथंच थांबल्या. शुक्राणूंची एकूण संख्या, हालचाल आणि आकार यांत मात्र ठोस फरक नव्हता. पुढे २०२१ मध्ये पुरुषांवरचे ४१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जागच्या जागी होतं. वाटीभर भाजी खुशाल खा. मात्र वर्ष उलटलंय, तर वीर्यतपासणी करून घ्या, आणि तपासणी दोघांचीही हवी. आपल्याकडे पहिली फेरी बायकोचीच होते, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न : आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) सुरू आहे. टोफू, म्हणजे सोयापनीर, बंद करू?

नको. बोस्टनच्याच ३१५ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१५) सोया खाणाऱ्यांमध्ये बाळंतपणापर्यंत पोचण्याचं प्रमाण उलट जास्त दिसलं. ते सोयामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही.

आयसोफ्लेव्होन्सच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. इटलीत पाळी गेलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन्स पाच वर्षं दिली, तेव्हा काहींच्या गर्भाशयाचं अस्तर वाढलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत तसं एकीलाही झालं नाही. ‘नैसर्गिक’ लिहिलेली डबी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

प्रश्न : आम्ही लातूरकडचे. शेतात सोयाबीन, घरात त्याचंच तेल. मुलीची पाळी लवकर येईल का?

तेलामुळे नाही. आयसोफ्लेव्होन्स प्रथिनांबरोबर पेंडीत जातात, तेलात जवळपास उरतच नाहीत.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे, दिवस राहावेत अशी इच्छा आहे. सकाळी सोयादूध घेते.

इथं मात्र वेळ पाळा. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही आणि बिघडलेल्या थायरॉइडमुळे गर्भ राहायला अडचण येते. गोळी उपाशीपोटी घ्या, सोयादूध चारेक तासांनी. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा.