सिनेमाचं रीळ, फोटोचा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

चित्रपटासाठी बनणारी ३५ मिलिमीटरची काळी-पांढरी फिल्म मोठ्या डब्यात घ्यायची, कापून कॅसेटमध्ये भरायची आणि नेहमीच्या कॅमेऱ्यात वापरायची, याबद्दल पुण्यातल्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

आम्ही तिघं मित्र मिळून ईस्टमन डबल-एक्स ५२२२ या काळ्या-पांढऱ्या सिने-फिल्मचा ४०० फुटी डबा घेणार आहोत. पण सिनेमाच्या फिल्मची भोकं वेगळी असतात आणि पाठीवरचा काळा थर मशीन खराब करतो, असं एका लॅबमध्ये सांगितलं. घ्यावा का? — एक वाचक, कोथरूड

बिनधास्त घ्या. तो काळा थर म्हणजे कार्बनचा लेप. तो रंगीत सिने-निगेटिव्हला असायचा, काळ्या-पांढऱ्याला नसतो. ५२२२ चा बेसच, म्हणजे फिल्मची मूळ प्लास्टिकची पट्टी, करडा असतो, त्यामुळे धुतलेली निगेटिव्ह थोडी मळकट दिसते. ते धुकं, म्हणजे उजेडाने वा वयाने चढलेला करडेपणा, नव्हे.

भोकं मात्र खरंच वेगळी असतात. सिने-निगेटिव्हला बेल अँड हॉवेल पद्धतीची, बाजूंनी किंचित फुगीर भोकं. स्टिल, म्हणजे फोटोच्या फिल्मला कोडॅक स्टँडर्ड पद्धतीची, गोल कोपऱ्यांची चौकोनी. डब्यावर बीएच-१८६६ असं दिसलं तर ते साल समजू नका. दोन भोकांमधलं अंतर ०.१८६६ इंच, म्हणजे ४.७४ मिमी, असा त्याचा अर्थ. स्टिल फिल्मचं हेच अंतर ४.७५ मिमी असतं. फोटोची एक चौकट आठ भोकांची, म्हणजे फरक पडतो तो चौकटीमागे ०.०८ मिमीचा. कॅमेऱ्याच्या दातेरी चाकाला तो कळतही नाही.

हिशेब असा : ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. ३६ फोटोंच्या रोलला लीडर आणि शेपूट धरून १.६५ मीटर लागतात. कागदावर ७३ रोल निघतात, नासधूस धरून ७० समजा. पण पैशांपेक्षा मोठा फायदा वेगळाच आहे. सगळे रोल एकाच इमल्शन नंबरचे, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे असतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन रोलवर नीट चाचणी केली की पुढच्या सगळ्या रोलना तेच एक्स्पोजर आणि तीच धुण्याची वेळ चालते. म्हणून पहिला रोल सहलीला नेऊ नका, चाचणीत घालवा.

लॅबला देणार असाल तर कॅसेटवर ‘काळी-पांढरी, सी-४१ नाही’ असं ठळक लिहा. सी-४१ म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत, तिच्या रसायनांत ब्लीच असतो. तो चांदीच काढून टाकतो आणि हाती कोरी पट्टी येते.

४०० फुटी रीळ माझ्या बल्क लोडरमध्ये (मोठ्या रिळातून कॅसेट भरायच्या डबीत) बसत नाही. अंधारात त्याचे तुकडे कसे करायचे? लोडर नसेल तर भरता येतं का? — एक वाचक, सदाशिव पेठ

बाजारातले लोडर १०० फुटांचे (३०.५ मीटर) असतात, म्हणून डब्याचे चार भाग करावे लागतात. चेंजिंग बॅगेत (हात घालून फिल्म हाताळायच्या काळ्या पिशवीत) हे काम करू नका. सोळा-एक सेंटिमीटर व्यासाचं रीळ, दुसरा कोअर (फिल्म गुंडाळायचा मधला गाभा) आणि दोन हात एवढं सगळं आत मावत नाही. शिवाय हाताला घाम येतो आणि तो इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या थराला, लागतो. रात्री बाथरूम घ्या. दाराच्या फटीला खाली ओला पंचा आणि बाजूंनी काळं कापड लावा. गिझरचा दिवा, चार्जर, रेडियमचे काटे असलेलं घड्याळ आणि मोबाइल बाहेर ठेवा. आत दहा मिनिटं बसा. तेवढ्या वेळात स्वतःची बोटं दिसू लागली, तर खोली अजून काळोखी झालेली नाही.

आधी उजेडात एक मापपट्टी करा. जाड पुठ्ठ्यात खाच कापा. तिची रुंदी लोडरमधल्या फिल्मच्या कप्प्याच्या आतल्या व्यासापेक्षा पाच मिलिमीटर कमी ठेवा. अंधारात गुंडाळताना अधूनमधून रीळ त्या खाचेत घालून बघायचं. जेमतेम सरकू लागलं की कापायचं. फेऱ्या मोजण्यापेक्षा हे सोपं, कारण मोजणी हमखास चुकते. कोअर १०० फुटी रोलमधला छोटा घ्या. सिनेमाचा दोन इंची कोअर बऱ्याच लोडरच्या दांडीवर बसत नाही.

डबा उघडल्यावर काळी पिशवी आणि तिच्यात रीळ निघेल. ते आडवं धरा, अंगठा कोअरवर दाबून. फक्त कडेला धरून उचललंत, तर मधला भाग शंकूसारखा खाली लोंबतो आणि सगळी फिल्म जमिनीवर येते. तसं झालंच तर ओढाताण नको. टेबलावर ठेवून तळव्याने हळूहळू सपाट दाबा. इमल्शन आतल्या बाजूला असतं, नव्या कोअरवरही तसंच आत ठेवा. अंधारात बाजू ओळखायची तर टोकाचा अर्धा इंच ओठांना लावा : चिकटते ती इमल्शन. चारही भाग वेगवेगळ्या काळ्या पिशव्यांत आणि डब्यांत ठेवून वर फिल्मचा नंबर, इमल्शन नंबर आणि तारीख लिहा.

लोडर नसेल तर दाराच्या पाठीला १.६५ मीटर अंतरावर दोन खिळे ठोका, टोक वरच्या खिळ्याला अडकवून खालच्यापर्यंत ताणा आणि कापा. फरशी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, लोंबती फिल्म धूळ गोळा करते. रिकाम्या कॅसेट फोटो लॅबवाले बहुधा फुकट देतात. कॅसेटच्या तोंडातून जुन्या फिल्मची दोन सेंटिमीटर शेपूट बाहेर राहिलेली बघून घ्यायची. तिला आपली फिल्म पुढून-मागून मास्किंग टेपने जोडली की झालं. साधा सेलोटेप वापरू नका, उन्हाळ्यात त्याचा गोंद सुटतो. कॅसेटच्या तोंडाची मखमलीची फट चिकटपट्टीने टिपून घ्या आणि चार-पाच वापरांनंतर कॅसेट फेकून द्या. लीडरला अर्ध्या रुंदीत पाच सेंटिमीटर लांब जीभ कापा; खालून फिल्म भरायच्या जुन्या लायकाला दहा सेंटिमीटर लागते.

रोल ३६ चाच करा. ‘आणखी चार फोटो’ म्हणून ४० भरले, तर कॅसेट घट्ट होते आणि फिल्म धुण्याच्या टाकीच्या रिळावर शेवटचा भाग बसत नाही. पुन्हा वापरायला घेतलेल्या कॅसेटवरचा डीएक्स कोड (कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारी खूण) मूळ फिल्मचा असतो आणि नव्या प्लास्टिक कॅसेटवर नसतोच, म्हणून आयएसओ हाताने लावता येईल असाच कॅमेरा वापरा. या फिल्मच्या कडेला १ ते ३६ आकडेही नसतात, सिनेमाचे फुटांचे क्रमांक असतात. कॉन्टॅक्ट शीटवर क्रमांक हाताने घाला.

लोडरने भरलेल्या रोलमध्ये तीन दोष येतात : शेवटच्या दोन चौकटी निगेटिव्हवर पूर्ण काळ्या, सगळ्या रोलभर एक सरळ ओरखडा आणि डिसेंबरात भरलेल्या रोलवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा. — एक वाचक, हडपसर

काळ्या चौकटी हा दोष नाही, लोडरची रीतच तशी आहे. फिल्मचं टोक स्पूलला चिकटवताना उजेड असतो, आणि तेच टोक रोलचा शेवट होतं. ३४ वर थांबा किंवा टोक चिकटवायचं काम अंधारात करा.

ओरखड्यासाठी निगेटिव्ह तिरक्या उजेडात धरा. रेषा लीडरपासूनच असेल, तर गुन्हेगार कॅसेटची मखमल किंवा लोडरची फट. काही लोडरमध्ये झाकण फिरवल्यावर फट उघडते. ते फिरवायचं राहिलं तर संपूर्ण रोल घासत जातो. रेषा पहिल्या फोटोपासून सुरू होत असेल, तर कॅमेऱ्याची प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी) तपासा.

फांद्या म्हणजे स्थिर विजेच्या ठिणग्या. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या हवेत रीळ भराभर फिरवलं की त्या पडतात. हँडल सावकाश फिरवा, शेवटी हिसका देऊन घट्ट करू नका, भरताना लोकर आणि नायलॉनचे कपडे टाळा. बाथरूममध्ये आधी गरम पाण्याची बादली ठेवली तरी फरक पडतो.

डबल-एक्स कोणत्या आयएसओवर वापरू, कशात धुवू? मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी तिशीला टेकतं. — एक वाचक, धनकवडी

डब्यावर दिवसाच्या उजेडाला २५० आणि बल्बच्या उजेडाला २०० असं असतं. सावल्यांत तपशील हवा असेल तर २०० धरा. पहिल्या रोलवर एकच प्रसंग १००, २००, २५०, ४०० आणि ८०० वर घ्या, म्हणजे वाद मिटेल.

डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना १० मिनिटं, इथून सुरुवात करा. पहिली तीस सेकंद सलग हलवा, मग दर मिनिटाला दहा सेकंद. हायलाइट, म्हणजे चित्रातले उजळ भाग, जड आले तर वेळ एक मिनिटाने कमी करा. फिल्मसाठी मूळ शिफारस डी-९६ ची आहे. हा सौम्य डेव्हलपर, कारण सिनेमाची निगेटिव्ह पुढे कडक कॉन्ट्रास्टच्या पॉझिटिव्हवर छापायची असते. फोटोच्या कागदासाठी ती थोडी मऊ वाटेल, स्कॅनिंगला मात्र उत्तम. एक लिटरला मेटॉल १.५ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ७५, हायड्रोक्विनोन १.५, बोरॅक्स ४.५ आणि पोटॅशियम ब्रोमाइड ०.४ ग्रॅम. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत तापवून चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल आणि त्यानंतर बाकीचं याच क्रमाने. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळत नाही. किराणा दुकानातला टाकणखार म्हणजे बोरॅक्सच, पण शुद्धतेची खात्री नसते. लॅब-केमिकलच्या दुकानातून घ्या. या डेव्हलपरला २१ अंशांवर ७ मिनिटांपासून सुरुवात करा.

उन्हाळ्याचं पाणी ही खरी अडचण. २४ अंशांवर डी-७६ चे १० मिनिटं साधारण ७ होतात, तिथवर ठीक. त्यापुढे वेळ पाच मिनिटांखाली जाते आणि ओतण्यातल्या दहा-पंधरा सेकंदांनी डाग पडतात. घमेल्यात पाणी घेऊन बर्फ बंद पिशव्यांत घाला आणि सगळ्या बाटल्या त्यात उभ्या ठेवा. नुसता डेव्हलपर गार करून भागत नाही. २० अंशांच्या डेव्हलपरनंतर फिल्म ३० अंशांच्या हायपोत (फिक्सरमध्ये) गेली की जिलेटिन फुगतं, पापुद्रा सुरकुततो आणि चित्रावर जाळी दिसते. हायपो आणि धुण्याचं पाणीही तीन-चार अंशांच्या आत ठेवा. हायपोत न धुतलेल्या फिल्मचा एक तुकडा टाका, पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. बोअरिंगचं पाणी असेल तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब टाकून करा, नाहीतर वाळताना क्षाराचे ठिपके पडतात.

२३०२ नंबरचं रीळ स्वस्तात मिळतंय. ती डबल-एक्सच का? — एक वाचक, पिंपरी

नाही, ही छपाईची पॉझिटिव्ह आहे. कोडॅकच्या नंबराचा पहिला आकडा बघायची सवय लावा : ५ म्हणजे ३५ मिमी ॲसिटेट बेस, ७ म्हणजे १६ मिमी ॲसिटेट, २ म्हणजे ३५ मिमी पॉलिएस्टर. २३०२ ला फक्त निळा उजेड दिसतो, त्यामुळे लाल वीट काळी येते आणि आकाश कोरं. वेग अगदी कमी : आयएसओ ६ पासून चाचणी करा आणि ट्रायपॉड लागेलच असं धरा. कॉन्ट्रास्ट कडक, म्हणून डेव्हलपर पातळ घ्या. लाल सेफलाइटमध्ये हाताळता येते, ही मजा. धुताना चित्र उमटताना डोळ्यांनी दिसतं.

पॉलिएस्टर हाताने फाटत नाही, कात्रीच लागते. मोटर असलेल्या कॅमेऱ्यात ती अडकली तर फिल्मऐवजी गिअर तुटतो. शिवाय बेसमधून उजेड आत झिरपतो आणि पहिल्या काही चौकटी धुकटतात. भरताना सावलीत उभे राहा.

आजोबा एका स्टुडिओत कामाला होते. त्यांच्या ट्रंकेत लेबल नसलेले, गंजलेले फिल्मचे दोन डबे सापडले. वापरता येतील का? — एक वाचक, डेक्कन

आधी थांबा. १९५१ पर्यंत कोडॅक ३५ मिमी सिनेफिल्म सहज पेटणाऱ्या नायट्रेट बेसवर बनवत असे. ती पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट रिळांना आग लागून जुने चित्रपट जळाले. आतली फिल्म तपकिरी, चिकट झाली असेल किंवा डब्यात भुकटी असेल, तर झाकण पुन्हा दाबून बंद करू नका. डबा गच्चीत सावलीत, घराबाहेर ठेवा. काडी लावून बघायचा ‘प्रयोग’ तर अजिबात नको. रिक्षाने, बसने वा कुरिअरने पाठवू नका. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या याच अर्काइव्हला, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला, फोन करून विचारा. ते डबे नुसते कच्ची फिल्म नसून एखाद्या चित्रपटाचं रीळही असू शकतात.

आंबूस व्हिनेगरचा वास आला, तर ते सडणारं ॲसिटेट. नायट्रेटसारखा आगीचा धोका नाही, पण शेजारच्या चांगल्या फिल्मलाही तो वास लागतो, म्हणून वेगळं ठेवा. फिल्म कच्ची आणि सुरक्षित ठरली, तर अंधारात ३० सेंटिमीटर कापून न वापरताच धुवा. कडेवर कारखान्यात उमटवलेली अक्षरं आणि खुणा दिसू लागतील, त्यावरून फिल्म ओळखता येईल. आणि पट्टी किती करडी झाली त्यावरून धुकं किती चढलंय ते कळेल.

उरलेलं रीळ फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल? — एक वाचक, औंध

पुण्याच्या उन्हाळ्यात ठेवायलाच हवं. डबा टेपने बंद करून वर झिपची पिशवी घाला. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता रात्रभर तशीच राहू द्या. पावसाळ्यात थंड रीळ लगेच उघडलं तर थरांमध्ये पाणी धरतं, फेरे एकमेकांना चिकटतात आणि धुतल्यावर डाग येतात. लोडरमध्ये भरलेली फिल्म मात्र दोन महिन्यांत संपवा.