लुथरन बिशपने राजीनामा दिला, तर बिशपपण उरते का?

आपला प्रश्न असा आहे की, जेथे बिशपची नेमणूक आणि पगार दोन्ही सरकारकडून येतात, तेथे लुथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतला, बिशप हा सरकारी अधिकारीच ठरतो का, आणि राजीनाम्यानंतर त्याच्याकडे काय उरते. याचे उत्तर नियमांच्या पुस्तकापेक्षा नॉर्वेचे बिशप आयविंद बेर्गग्राव यांच्या कारकिर्दीत अधिक स्पष्ट सापडते.

बेर्गग्राव यांचा जन्म 1884 मध्ये स्टावांगर येथे झाला. त्यांचे वडीलही बिशप होते; तरीही मुलाचा मार्ग सरळ नव्हता. धर्मशास्त्राचे शिक्षण संपवून ते कित्येक वर्षे अध्यापन व संपादन करत राहिले, 1919 मध्ये हुर्दाल या ग्रामीण मंडळीचे पाळक झाले आणि पुढे ओस्लोच्या तुरुंगात कैद्यांचे पाळक म्हणून काम करू लागले. त्यानंतर थेट उत्तर ध्रुवाकडचा होलोगालांड धर्मप्रांत त्यांच्याकडे आला आणि 1937 मध्ये ओस्लोचे बिशपपद. या नेमणुका राजाच्या नावाने सरकारच करत असे, कारण चर्च हे राज्याचेच अंग होते.

एप्रिल 1940 मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत शिरले. सुरुवातीला बेर्गग्राव यांनी तडजोडीच्या वाटाघाटींत भाग घेतला आणि त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. माझ्या मते ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. मात्र 1942 च्या फेब्रुवारीत प्रश्न अंगाशी आला. 1 फेब्रुवारीला जर्मनांचा नॉर्वेजियन हस्तक क्विसलिंग पंतप्रधानपदी बसला, त्याच दिवशी ट्रोंडहाइमच्या कॅथेड्रलमध्ये डीन (कॅथेड्रलचे प्रमुख पाळक) आर्ने फ्येलबू यांच्या उपासनेला येणाऱ्या लोकांना पोलिसांनी अडवले, आणि बाहेर थंडीत उभ्या राहिलेल्या जमावाने लूथरचेच ‘आमचा देव बळकट दुर्ग’ हे गीत गायले. फ्येलबू यांना पदावरून काढले गेले. त्याच महिन्यात सर्व मुलांना सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेत सक्तीने घालण्याचा कायदा आला. 24 फेब्रुवारीला देशातील सातही बिशपांनी राजीनामे दिले.

हा राजीनामा नीट वाचावा लागतो, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे. राज्याने जे सोपवले होते, तेवढेच त्यांनी राज्याला परत केले. वेदीपुढे दीक्षेच्या वेळी मिळालेले आध्यात्मिक काम मात्र सरकारने दिलेलेच नव्हते, त्यामुळे ते परत करण्याचा किंवा काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी त्यांची भूमिका होती. लुथरन विचारात बिशप हा पाळकांपेक्षा वेगळ्या प्रकारचा धर्माधिकारी नसून देखरेखीची जबाबदारी अंगावर घेतलेला पाळकच असतो, म्हणून ही विभागणी तेथे सहज बसते. त्या वर्षीच्या ईस्टरला, 5 एप्रिलला, ‘चर्चचा पाया’ हे निवेदन देशभर वाचले गेले आणि बहुसंख्य पाळकांनीही सरकारी पद सोडले. ते पाळकीय सेवा मात्र करतच राहिले, आणि त्यांच्या चरितार्थाचा भार मंडळ्यांनी उचलला.

बेर्गग्राव यांना अटक झाली आणि एप्रिल 1945 पर्यंत, म्हणजे सुमारे तीन वर्षे, आस्कर येथील त्यांच्या स्वतःच्या लाकडी घरात पहाऱ्याखाली ठेवले गेले. अटकेनंतर लगेच जर्मन लष्करी गुप्तवार्ता विभागातर्फे हेल्मुट फॉन मोल्टके आणि पाळक डीट्रिख बोनहोफर नॉर्वेत येऊन गेले; आतून हिटलरच्या विरोधात असलेल्या या दोघांनी चर्चच्या नेत्यांना माघार न घेण्याचाच सल्ला दिला.

युद्धानंतर बेर्गग्राव पुन्हा ओस्लोचे बिशप झाले आणि 1951 पर्यंत राहिले. 1952 मध्ये हानोफर येथे लुथरन जागतिक महासंघाच्या अधिवेशनात त्यांनी राज्य आणि चर्च या विषयावर भाषण केले, त्यात सर्व काही स्वतःकडे घेऊ पाहणाऱ्या कल्याणकारी राज्याविषयीही सावधगिरीचा इशारा दिला. क्विसलिंगच्या राजवटीचा अनुभव त्यांनी येथे जरा जास्तच ताणला, असे मला वाटते. नॉर्वेतील नेमणुकीचा प्रश्न मात्र पुढे कायद्यानेच सुटला: 2012 च्या घटनादुरुस्तीनंतर बिशप निवडण्याचा अधिकार चर्चकडे आला, आणि 2017 पासून चर्च ही राज्यापासून स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे.