१९६०च्या दशकातल्या व्हॅक्यूम क्लीनरला १४०० वॅटची नवी मोटार बसवली तर सक्शन वाढेल का?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतं: पत्र्याच्या नळकांड्याचा जुना क्लीनर, मूळ मोटार ५०० वॅटच्या आसपासची, चालू केला की किरकिर, सक्शन उतरलेलं, आणि दुकानदार १४०० वॅटची मोटार सुचवतोय. माझं मत स्पष्ट आहे. वाइंडिंग (मोटारीतली गुंडाळलेली तांब्याची तार) जळलेलं नसेल तर जुनी मोटार काढू नका.

जुने क्लीनर दुरुस्त करणं हा माझा आवडीचा उद्योग आहे. ‘मोटार गेली’ म्हणून हाती आलेल्या यंत्रांत बहुतेक वेळा गेलेली असतात ती बेअरिंगं आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे कार्बनचे ठोकळे). तुमची किरकिर मला बेअरिंगचीच वाटते. प्लग काढून पंखा हाताने फिरवा. खरखर लागली किंवा शाफ्ट आडवा हलला तर बेअरिंग संपलं. बॉल बेअरिंग असेल तर कडेला नंबर असतो. ६०८ म्हणजे भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. शक्यतो कडेला पत्र्याचं झाकण (शील्ड) असलेलंच घ्या. घासणारं रबरी सील एवढ्या वेगाला तापतं.

ब्रश काढलेत की कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, उजेडात धरून बघा. त्यावर एकसारखा चॉकलेटी थर असेल तर तो घासून चकचकीत करू नका, तो निरोगी मोटारीचा थर आहे. पण एक-दोनच पट्ट्या काळ्या पडून कडा खाल्ल्या गेल्या असतील तर मल्टिमीटर घ्या आणि शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रेझिस्टन्स मोजत पूर्ण फेरी मारा. सगळीकडे आकडा जवळपास सारखा आणि एकाच जागी एकदम वर गेला, तर तिथली कॉइल तुटली आहे. मग मात्र रिवाइंडिंग किंवा नवी मोटार, याला इलाज नाही.

नवे ब्रश घातल्यावर सिरीज लॅम्प (मोटारीच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावून मोटार थोडा वेळ कमी व्होल्टेजवर चालवा, म्हणजे ब्रशचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं. पंखा काढलेल्या अवस्थेत पूर्ण व्होल्टेज कधीही देऊ नका. ही सिरीज मोटार आहे. लोड नसला की वेग आवरत नाही आणि आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) फुटू शकतं.

आता जुन्या-नव्या मोटारींच्या तुलनेचं. वॅट म्हणजे मोटार किती वीज घेते, किती हवा ओढते ते नव्हे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले क्लीनर कचरा ओढतातच. बघायचे आकडे दोन: तोंड पूर्ण बंद असताना तयार होणारा दाब आणि तोंड मोकळं असताना वाहणारी हवा. दोन्हींचा गुणाकार करून चौथा हिस्सा घेतला की कमाल उपयोगी शक्तीचा ढोबळ अंदाज येतो. बंद तोंडाला २० किलोपास्कल आणि मोकळ्या तोंडाला सेकंदाला ४० लिटर देणारी मोटार साधारण २०० वॅटचं खरं काम करते, मग लेबलवर काहीही छापलेलं असो.

आणि हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. त्याच वॅटेजला एकामागे एक दोन-तीन पंखे असलेली मोटार दाब जास्त देते, हवा कमी. लांब, अरुंद पाइपला दाब लागतो. गालिच्यावरच्या उभ्या क्लीनरला हवा. कर्बी या ब्रँडच्या उभ्या क्लीनरसारख्या यंत्रात धूळ थेट मोठ्या पंख्यातूनच जाते, तिथे दाब कमी आणि हवा भरपूर असते. १९५०च्या दशकातलं हूव्हर कॉन्स्टेलेशन हे क्लीनर तर बाहेर पडणाऱ्या हवेवर तरंगतं. त्यात जास्त दाबाची पण कमी हवेची मोटार घातलीत तर ते जमिनीवरून उचललंच जाणार नाही.

तुमच्या नळकांड्यात सगळ्यात जास्त जपायचा भाग म्हणजे हवेची वाट. अशा बहुतेक यंत्रांत पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटारीतून जाते आणि तिला थंड ठेवते. ओल्या-कोरड्या क्लीनरच्या मोटारीला थंडाव्यासाठी वेगळा पंखा आणि बाहेरच्या हवेची वेगळी वाट असते. ती मोटार बंद नळकांड्यात कोंबली तर तीच तापलेली हवा आत फिरत राहते. नेमकी हीच मोटार बदली म्हणून सर्रास दिली जाते, म्हणून विकत घेण्याआधी विचारा. त्याशिवाय पंख्याच्या घराचा व्यास, एकूण उंची आणि गॅस्केटची जागा जुळायला हवी. ५०० वॅटच्या हिशेबाने घातलेली जुनी वायर आणि स्विच १४०० वॅटचा करंट पेलतीलच असं नाही, तेही बदलावे लागू शकतात. लेबलवरचं व्होल्टेजही वाचा: ११०–१२० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं तर जळेल.

हे सगळं करण्याआधी एक सोपी तपासणी. नळीचं तोंड तळहाताने बंद करा. मोटारीचा सूर चढला तर हवा झाकणातून फारशी गळत नाहीये. सूर फारसा बदललाच नाही तर पिशवी, फिल्टर किंवा नळी तुंबलीय का आणि झाकणाचं रबर वाळून कडक झालंय का ते आधी बघा. हात मात्र लगेच काढा, कारण हवा थांबली की थंडावाही थांबतो. काय दिसलं ते इथे लिहा, कम्युटेटरचा फोटोही टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.